विसावा न सोसणारं मशीन

थांबाकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस बाजारात उरलं नव्हतं. नाव दुकानाच्या पाटीवर होतं, चांगलं ठळक, पण पाटी वाचायच्या भानगडीत पडतो कोण? तळमजल्यावर जिन्याखालचा गाळा. आत शिरताना डोकं वाकवावं लागे, आणि ते वर करेपर्यंत काकांचं ठरलेलं वाक्य कानावर पडलेलं असे. थांबा. म्हणजे बसा, चहा घ्या, अशातलं काही नाही. नवा कंप्युटर घ्यायचाय ना? मग थांबा, नवा प्रोसेसर येतोय.

गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारणारे दुकानदार पावलोपावली भेटतात. आलेल्या गिऱ्हाइकाला समजूत घालून परत पाठवणारा हा एकटाच.

प्रोसेसर म्हणजे कंप्युटरचा मेंदू. बिस्किटाएवढी चौकोनी चकती, पण सगळा कारभार तिच्या हातात. कंपन्या अधूनमधून नवा प्रोसेसर काढतात, आणि तो निघण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वावड्या उठतात. त्या वावड्यांवर काकांचा भारी जीव. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करायचं, उरलेलं अर्धं विसरायचं आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसायचं, हा त्यांचा नेम. कुणाच्या मावसभावाने म्हणे कारखान्यात प्रत्यक्ष पाहिला. कुणाला खोक्याचा अर्धा कोपरा दिसणारा धुरकट फोटो मिळाला. कुणी म्हणे दुप्पट वेगवान, कुणी म्हणे निम्मी वीज. तो धुरकट फोटो काका येणाऱ्या-जाणाऱ्याला अशा कौतुकाने दाखवत, की घरात मुलीसाठी स्थळ सांगून आलंय असं वाटावं.

समोरच्या गाळ्यातला चष्मेवाला त्यांचा जुना दोस्त. त्याच्या दुकानातल्या कंप्युटरवर लोकांचे नंबर उघडेपर्यंत माणसं कंटाळून रस्त्यावर एक फेरी मारून येत. तोही बापडा काकांच्या सांगण्यावरून थांबला होता. तो सगळ्यांना सांगे, "हा माणूस कंप्युटर विकत नाही, आशा विकतो, आणि तीसुद्धा फुकट."

बरं, नवा प्रोसेसर एकदाचा आला तरी सुटका नव्हती. आला की काका आवाज खाली आणून म्हणत, पहिल्या लॉटमध्ये खोडी असतात, आधी लोकांना घेऊ द्या, लोकांचे हात पोळू द्या, मग आपण घेऊ. लोकांचे हात पोळून, बरे होईपर्यंत पुढच्या प्रोसेसरची वावडी उठलेली असे. काका पुन्हा पहिल्या पानावर. अशाने घर कसं चालावं? पण चालत होतं, कारण थांबलेल्या माणसांची जुनी मशीनं बिघडत, आणि ती दुरुस्तीला काकांकडेच येत. चष्मेवाल्याला यात काकांचा कावा दिसे. काकांना कावा जमत असता, तर जिन्याखालच्या गाळ्यात डोकं वाकवून का बसले असते?

कधीमधी एखादं गिऱ्हाईक हट्टाला पेटे आणि मशीन बांधून घेईच. मग काकांचं दुसरं रूप दिसे. प्रोसेसरच्या डबीला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे पँटच्या बाजूंना पुसत, उलटसुलट, तीन-चारदा. चकती अलगद जागेवर बसवत. आणि मशीन उभं राहिलं की त्याला तालमीत घालत. हा त्यांचाच शब्द. तालीम म्हणजे मशीनवर झेपेल त्याहून जास्त काम लादायचं, दिवसभर. पंखे घोंघावत, पत्र्याची पेटी तापे, दुकानात भट्टीसारखी धग पसरे. एवढं सोसून जे उभं राहील तेच गिऱ्हाइकाच्या हवाली. काकांच्या तालमीतून गेलेलं मशीन सहसा परत येत नसे, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

घरी काकू आणि एक लेक. लेक चित्रं काढायची, हलणारी. कंप्युटरच्या पाटीवर पेनने एक चित्र, मग त्याहून केसभर वेगळं दुसरं, मग तिसरं, अशी चित्रांची चळत रचून त्यातून ती मांजर चालवायची, पडदा हलवायची. तिचं मशीन काकांनीच बांधलेलं, पण कशाचं? याचा बोर्ड, त्याची मेमरी, तिसऱ्याची पेटी, सगळा उरलासुरला शिधा. मोची स्वतः फाटक्या चपला घालून हिंडतो त्यातली गत. लेकीने नवं मशीन मागितलं तेव्हा तिलाही तेच उत्तर मिळालं होतं. थांब, बाळा. नवा येतोय. तो आला. त्यात खोडी निघाल्या. पुढचा येतोय.

एके दुपारी काका जेवायला घरी आले. लेकीने काढलेली चित्रं हलताना बघण्यासाठी बटण दाबलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासली, ओटा पुसला, हात कोरडे करत परत आली. पडद्यावर अजून चक्र फिरतच होतं. ती पुन्हा आत गेली आणि डबे पुसायला लागली. काका ताटावर बसून हे सगळं बघत होते. ती काही बोलेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. ती काहीच बोलली नाही, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बरेच दिवस तिने नव्या मशीनचं नावच काढलेलं नाही. मागणं सोडून दिलं होतं तिने.

त्यातच एका स्टुडिओची जाहिरात आली. शिकाऊ मुलं घेणार होते. अट एकच, स्वतः एकट्याने केलेली छोटीशी फिल्म महिनाअखेरपर्यंत पाठवायची. लेकीची फिल्म अर्धी झालेली होती. शिंप्याच्या दुकानातली एक मांजर बटणं चोरते, एवढीच गोष्ट. उरलेली अर्धी त्या जुन्या मशीनवर महिन्यात होणं शक्य नव्हतं, हे काकांना तिच्याहून चांगलं कळत होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात, ज्याच्या वावड्या वर्षभर उठत होत्या, तो प्रोसेसर आला.

पहिल्या दिवशी, घाऊक विक्रेत्याचं दार उघडायच्या आत, रांगेत सगळ्यांच्या पुढे कोण उभं? थांबाकाका. विक्रेत्याने डोळे चोळले म्हणतात. आयुष्यभर लोकांना पहिल्या लॉटपासून चार हात लांब ठेवणारा माणूस पहिल्या लॉटचा पहिला डबा छातीशी धरून बाहेर पडला. चष्मेवाल्याने आठवण करून दिली, अरे, खोडींचं काय? काका म्हणाले, तालीम आहे ना आपली.

तळवे पुसून पुसून पँट झिजायची वेळ आली, पण मशीन असं देखणं बांधलं की बाजारातली माणसं बघायला आली. दिवसभर तालीम झाली. पंखे गरजले, पेटी तापली, मशीन जराही डगमगलं नाही. काकांनी ते स्वतः रिक्षात मांडीवर घेऊन घरी नेलं. लेकीने बटण दाबलं आणि मांजर पडद्यावरून सुळकन चालत गेली. लेक हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. काका खिडकीचं तावदान पुसायला लागले, कारण तिथे धूळ फार होती असं त्यांचं म्हणणं.

त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक काम केलं. जुनं मशीन दुकानात नेऊन सोडवलं आणि त्याचे भाग बरेच दिवस अडून राहिलेल्या दुरुस्त्यांना लावून टाकले. मेमरी गेली चष्मेवाल्याकडे. त्याचे नंबर चटाचट उघडू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं मशीन गोठलं.

पडदा दिसत होता, मांजर अर्ध्या उडीत होती, पण काहीच हलेना. बाण हलेना, बटण ऐकेना. वीज बंद करून चालू करावी लागली. सकाळपासून काढलेली शेपटी गेली. मांजरीच्या शेपटीची नुसती एक लहर काढायला लेकीला अख्खी सकाळ लागे, हे काकांना तेव्हा माहीत नव्हतं. ते म्हणाले, होतं एखाद्या वेळी. संध्याकाळी परत गोठलं. मग ते म्हणाले, तुझ्या त्या चित्रांच्या प्रोग्राममध्येच घोळ असणार. तालमीतून गेलेलं मशीन आहे माझं.

सकाळी मशीन दुकानात आलं आणि पुन्हा तालमीत गेलं. दिवसभर घाम गाळला त्याने. एकदाही गोठलं नाही. काका ते विजयी चेहऱ्याने घरी घेऊन आले. लेक कामाला बसली, आणि काकांच्या चपला अजून दारात होत्या तोवर ते पुन्हा गोठलं.

इकडे मोबाइलवर वावड्यांनी कूस बदलली होती. काल ज्याचे गोडवे गायले जात होते, त्याच्यावर आज लोक तुटून पडले होते. जगभर कुणाकुणाची मशीनं गोठत होती आणि प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. एकजण म्हणे उष्णता, काकांनी थंडाव्याचा लेप खरवडून नवा लावला. दुसरा म्हणे मेमरी, काकांनी मेमरी बदलली. तिसरा म्हणे वीज कमी पडते, काकांनी वीज पुरवणारा डबा बदलला. चौथ्याला म्हणे कंपनीतल्या माणसाने आतली गोष्ट सांगितली होती, पण ती सांगायची नाही अशी शपथ घातली होती. त्या गर्दीत एकाने भाबडेपणाने लिहिलं होतं, की माझं मशीन मी काम करत असतो तोवर उत्तम चालतं, मी नुसता बसलो की बंद पडतं. त्या बिचाऱ्याची सगळ्यांनी यथेच्छ टर उडवली. आपल्या थांबाकाकांनीही खाली लिहिलं, "मग नुसते बसू नका." त्यांच्या या वाक्यावर पुष्कळ लोक हसले, आणि काकांनी ते चष्मेवाल्याला नेऊन दाखवलं.

मशीन दुकानात गेलं, तालीम झाली, घरी आलं, गोठलं. पुन्हा तेच. महिना सरत चालला होता. जे दिवस मशीन दुकानात, ते दिवस लेकीचे फुकट. तिसऱ्यांदा काका मशीन घेऊन घरात शिरले, तेव्हा तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "बाबा, मला माझं जुनं मशीन द्या परत. हळू चालेल, पण चालेल."

काका पेटी हातात धरून तसेच उभे राहिले. जुनं मशीन आता कुठे होतं? त्याचे तुकडे गावभर झाले होते. त्यांनी ते कसंबसं सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं. रागावली असती, आदळआपट केली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. तिने नुसती मान हलवली, आपल्या पेनचं टोपण लावलं आणि बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढायला लागली. मशीन बिघडलं याचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं, पण पोरीने टोपण लावलं ते त्यांना बघवेना.

काकू भाजी निवडत होत्या. कंप्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दुकानात त्याला राबवून बघता आणि म्हणता चांगलं आहे. ते बिघडतं इथे, तिच्यासमोर. एक दिवस तिच्या शेजारी बसून बघा की."

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तरी काकांना ते सुचलं नव्हतं खरं.

दुसऱ्या दिवशी शटरवर पुठ्ठा लटकला, "थांबा. येतोच." बाजारात हसून हसून पुरेवाट झाली. काका घरी लेकीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले. लेक आधी अवघडली. बापाने शेजारी बसून आपलं काम बघावं, हे तिच्या जन्मात पहिल्यांदा होत होतं. मग ती चित्रात शिरली आणि त्यांना विसरली.

काका मशीन बघायला बसले होते, आणि बघत राहिले लेकीला. ती झराझरा रेघा मारी. मग पेन हवेत थांबे. मान कलती होई, नजर छताच्या कोपऱ्यात जाई, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर शेपटीसारखी हळूहळू वळत. मांजरीची शेपटी पुढे कुठे जाईल, याचा विचार चालला होता. मग एकदम पेन खाली येई. लहानपणी गणित सोडवताना ती अशीच छताकडे बघायची. हे काका पार विसरून गेले होते. ते हसणार, तेवढ्यात लेकीचं पेन खाली आलं आणि रेघ उमटलीच नाही. मशीन गोठलं होतं.

काकांनी पुन्हा चालू केलं आणि या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. लेक काम करत होती तोवर मशीन पळत होतं. लेक विचार करायला थांबली. मशीननेही अंग सैल सोडलं, पंख्याचा आवाज अगदी खाली गेला. आणि ते त्या विसाव्यातून परत उठलंच नाही.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मशीनला काम सोसत होतं, विसावा सोसत नव्हता. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला डुलकी घेतो, आणि हा नवा बेटा डुलकीतून उठायचंच विसरत होता. त्यांच्या तालमीत त्याला डुलकी घ्यायला सवडच कुठे होती? इतकी वर्षं त्यांनी मशीनं राबवून पारखली. नुसतं बसवून पारखावं, हे कधी मनातच आलं नाही. त्यांनी मोबाइल काढला, त्या भाबड्या माणसाचं वाक्य शोधलं आणि त्याखाली लिहिलं, "तुमचं बरोबर होतं. माफ करा." यावर कोणी हसलं नाही.

रोग कळला, पण औषध? ही डुलकी बंद करायची सोय बोर्डात हवी होती, पहिल्या लॉटच्या बोर्डात ती नव्हती. कंपनीने जाहीर केलं की चूक लक्षात आली आहे, दुरुस्ती लवकरच येईल. या 'लवकरच'चं वजन काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी तालमीचा प्रोग्राम लावून पाहिला, पण मशीन इतकं धापा टाकू लागलं की लेकीची रेघ तिच्या पेनामागून फरफटत यायला लागली. शेवटी त्यांनी एक जुना माउस आणला, मशीनला जोडला, आणि स्टुलावर बसून तो मांडीवरच्या पुठ्ठ्यावर गोल गोल फिरवायला घेतला. तेवढ्या हालचालीने मशीनचा डोळा लागेना.

"तू विचार कर," ते लेकीला म्हणाले. "ह्याला जागं ठेवायचं मी बघतो."

तेव्हापासून महिनाअखेरपर्यंत काका त्या स्टुलावर. लेकीचं पेन उचललं गेलं की यांचा माउस फिरू लागे. ते जेवायला उठणार असतील तर लेकीला आधी काम जपून ठेवायला लावत आणि घाईघाईने चार घास पोटात ढकलून परत येत. काकू म्हणत, नीट जेवा, काही बिघडत नाही. काका म्हणत, तुला काय कळतंय त्यातलं. काकू गालातल्या गालात हसत आणि आणखी एक पोळी वाढत. चष्मेवाला दुकान बंद करून मुद्दाम बघायला आला. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर माउस आणि चेहऱ्यावर जहाज हाकत असल्याचा भाव, असा दोस्त पाहून त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. काकांनी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. पोर विचार करतेय.

एकदा दुपारी जेवण जरा जड झालं आणि स्टुलावरच काकांचा डोळा लागला. दचकून जागे झाले तर ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं. त्यांनी धसक्याने पडद्याकडे पाहिलं. मांजर बटण तोंडात धरून आरामात चालली होती. लेक मान न वळवता म्हणाली, झोपेतही हात फिरत होता तुमचा. काकांना स्वतःच्या हाताचं एवढं कौतुक वाटलं की रात्री जेवताना त्यांनी ते काकूंना दोनदा सांगितलं.

बसून बसून त्यांना फिल्म पाठ झाली. शिंप्याची खुंटी कुठे, कात्री कुठे, मांजर कोणत्या फळीवरून उडी मारते, सगळं. शेवटच्या भागात शिंपी एक उंची कापड बेतायला घेतो. लेकीने ते हलवून दाखवलं. शिंप्याने कापडाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे पँटच्या बाजूंना पुसले, उलटसुलट, तीन-चारदा. काकांचा माउस थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेक पडद्याकडेच बघत होती. ही सवय तिने कधी टिपली होती कोण जाणे. ती दुकानात यायची ती लहानपणी, शाळा सुटल्यावर, आणि काका तिच्याकडे पाठ करून काम करत असत. खाकरून त्यांनी एवढंच विचारलं, की पँट एवढी मळकी का काढलीस. ती म्हणाली, आहे तशी काढली.

महिनाअखेरीला फिल्म गेली. मग उत्तराची वाट बघण्याचे दिवस आले, आणि थांबण्यात ज्यांची हयात गेली त्या काकांनाच थांबवेना. अखेर स्टुडिओतून फोन आला. मांजर त्यांना फार आवडली होती. पुढच्या महिन्यापासून ये म्हणाले. स्टुडिओ दुसऱ्या शहरात, म्हणजे लेकीला तिकडेच राहायला जावं लागणार होतं. काकांनी बाजारभर चहा पाजला, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारल्या आणि घरी येताना जिन्यात काही वेळ नुसतेच उभे राहिले.

त्याच सुमाराला कंपनीची दुरुस्तीही आली. मशीन लेकीबरोबर जाणार, तिकडे माउस फिरवायला कोण आहे? काका दुरुस्ती पेनड्राइव्हवर घालून घरी आले. ती मशीनमध्ये भरण्याआधी चालू असलेलं सगळं बंद करावं लागतं, म्हणून ते लेकीच्या खुर्चीत बसले आणि एकेक प्रोग्राम बंद करू लागले. चित्रांचा बंद केला. त्यामागून आणखी एक निघाला. गाणी वाजवायचा. एक गाणं चालू होतं, आवाज पार बंद करून, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

काकांनी ते थोडा वेळ बघितलं. हलकंसं, कुठेही न खुपणारं काम. मशीनला डुलकी लागू न देण्यापुरतं. रेघ फरफटवण्याइतकं जडही नाही. हे चालू असताना माउसची गरजच नव्हती. ज्याला आयुष्यभर तालीमच ठाऊक, त्याला एवढं साधं सुचलं नव्हतं. त्यांना ती दुपारची झोप आठवली आणि झोपेत फिरणारा तो हातही आठवला.

लेक दारात उभी होती.

"हे कधीपासून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही माउस घेऊन बसलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही जेवायला उठलात आणि मी सहज गाणं लावलं. गोठलं नाही. मग आवाज बंद करून ठेवून दिलं."

"आणि मी इतके दिवस खुळ्यासारखा..." काकांनी स्टुलाकडे पाहिलं. "मला सांगितलं का नाहीस?"

लेकीने पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात गेला असता."

आत काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुसतच राहिले. मग पेनड्राइव्ह मशीनमधून काढून खिशात टाकला.

"पहिल्या लॉटची दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "खोडी असतात. तू जाईपर्यंत थांबू आपण."

ते खुर्चीतून उठले. लेक तिच्या जागेवर बसली आणि तिने कोरी पाटी उघडली. काकांनी स्टूल ओढलं, मांडीवर पुठ्ठा घेतला, दोन्ही तळवे पँटला पुसले आणि माउस हातात घेतला.